अपक्ष परिचारिकेला ‘इतर’मध्ये ढकलू नका

महोदय,

विधानसभेला एखादी परिचारिका अपक्ष उभी राहिली की ‘मतं खायला हिला कुणी उभं केलंय?’ हाच प्रश्न आधी येतो. हा तिच्यावर अन्याय आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक, म्हणजे नाव सुचवणारा मतदार, पुरतो. अपक्षाला मतदारसंघातलेच १० मतदार लागतात. सर्वसाधारण गटासाठी अनामत १०,००० रुपये, आणि वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर तीही जप्त. चिन्ह मिळते ते माघारीची मुदत संपल्यावर. सरकारी सेवेत असेल तर आधी राजीनामा, म्हणजे हरली तर नोकरीही गेलेली!

रात्रपाळीला भरलेल्या वॉर्डात एकटी सलाइन बदलत असताना पलीकडच्या खाटेवरून ‘सिस्टर, जरा बघा ना’ अशी हाक येते. आधी कुणाकडे धावायचं, हे जिला रोज ठरवावं लागतं, तिला रिक्त पदं म्हणजे काय ते अहवाल वाचून समजून घ्यावं लागत नाही. आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर सभागृहात चर्चा होते तेव्हा असा आवाज तिथे मला हवा आहे. निदान वृत्तपत्रांनी तरी उमेदवारांची ओळख करून देताना तिला ‘इतर’ म्हणून एका ओळीत उरकू नये, ही कळकळीची विनंती.

– एक मतदार