नितिदा ही नक्कल नव्हे

महोदय,

रविवार पुरवणीतला आइसलंडच्या सागांवरचा, म्हणजे तिथल्या मध्ययुगीन गद्यकथांवरचा, लेख आवडला. मात्र नियालच्या सागेचे भरभरून कौतुक केल्यावर लेखकाने उत्तरकालीन अद्भुत सागांना ‘फ्रेंच रोमान्सच्या (म्हणजे सरदारांच्या शौर्य-प्रेमकथांच्या) नकला’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले, ते खटकले.

फ्रेंचांचे ऋण आहेच. नॉर्वेचा राजा हाकोन हाकोनारसन याच्या सांगण्यावरून १२२६ मध्ये ब्रदर रॉबर्ट या धर्मबंधूने त्रिस्तानची फ्रेंच प्रेमकथा नॉर्स गद्यात, म्हणजे नॉर्वे-आइसलंडच्या जुन्या भाषेत, आणली. पुढे फ्रेंच कवी क्रेतिएँचा सरदार इव्हेन आला, त्याच्या सोबती सिंहासकट. पण रॉबर्टने थॉमस नावाच्या कवीच्या ज्या फ्रेंच काव्यावरून काम केले, त्याचे आज तुकडेच उरलेत. त्याचे सलग कथानक मिळते ते याच सागेत, आणि ती टिकली आइसलंडमध्ये हाताने नकला उतरवणाऱ्यांमुळे. असे नकलाकार मिळायलाही भाग्य लागते!

शिवाय आइसलंडवाल्यांनी स्वतः रचलेल्या सागा वेगळ्याच. चौदाव्या शतकातली ‘नितिदा सागा’ घ्या. (मराठी कानाला ‘नीती देणारी’ वाटेल, अर्थ लॅटिनमधला, ‘तेजस्वी’.) नितिदा फ्रान्सची सत्ताधीश. तिला राणी नव्हे, ‘कन्या-राजा’ म्हणतात. अशा कन्या-राजांच्या कथांची जातकुळी फोफावली ती आइसलंडमध्येच. नितिदाला मागणी घालणाऱ्यांत एक चक्क हिंदुस्थानचा राजपुत्र आहे, लिफोरिनस. तो तिला पळवून नेतो. ती जादूच्या शिळेच्या जोरावर निसटते आणि जाताना त्याच्या बहिणीलाही सोबत नेते. मग हा गडी वेष पालटून तिच्याच दरबारी हिवाळा काढतो. एके दिवशी ती त्याला आपल्या शिळांत डोकवायला सांगते. त्यांत सारे जग दिसते, पण लिफोरिनस कुठेच नाही. तेव्हा ती म्हणते, आता हे सोंग पुरे, मी तुम्हाला पहिल्याच दिवशी ओळखले होते! सारा हिवाळा फसत होता तो, ती नव्हे.

ही कथा साठहून अधिक हस्तलिखितांत आढळते. लोकांना नकोशी असती, तर एवढ्या वेळा कोणी उतरवली असती?

शेवटी लग्नाचा थाट वर्णन करताना सांगणारा मध्येच थबकतो. जगाच्या मध्यावर असे लोक जमले की केवढा आनंद होत असेल, ते जगाच्या कडेला बसलेल्या आमच्यासारख्यांच्या अडाणी जिभेला सांगणे सोपे नाही, अशा अर्थाचे तो म्हणतो. हे वाक्य त्याने कुठल्या फ्रेंचाकडून उसने घेतले, ते लेखकांनी जरूर कळवावे.

आपला,
एक वाचक, पुणे