रविवारी पहिल्यांदा ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडून आखलेल्या वाटेवर एकेक गाडी वेळ लावून चालवायची स्पर्धा) उतरणाऱ्या सभासदांसाठी

रोजची सिव्हिक किंवा कोरोला चालेल. उंच, अरुंद एसयूव्ही मात्र आणू नका. एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) तांत्रिक तपासणीत बॅटरी हलली, चाकाचा नट सैल निघाला किंवा टायरची तार दिसली, तर गाडी परत जाते. हे सगळं शनिवारीच बघा. चालकाच्या पायाखालची मॅट, डिकीतलं सामान, सुटी बाटली काढाच. बाटली ब्रेकखाली गेली तर काय होईल ते सांगायला नको.

पुढच्या टायरमध्ये चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ४-५ पीएसआय जास्त हवा भरा आणि कडेला खडूने रेघ मारा. खडू टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत घासला गेला, तर हवा अजून कमी आहे.

ट्रॅक पायी किमान दोनदा फिरा, एकटे. नवखे बहुतेक वेळा वळणात वेगाने शिरतात, पुढची चाकं घसरतात आणि घाबरून स्टिअरिंग आणखी फिरवतात, त्याने पकड येत नाही. ब्रेक वळणाआधी, सरळ रेषेत मारा. नजर पुढच्या कोनवर ठेवा.

कोन पाडला तर २ सेकंद दंड, गेट (दोन कोनांमधली वाट) चुकलं तर ती फेरी बाद. लाल झेंडा दिसताच थांबा. फेरीनंतर हँडब्रेक ओढू नका, ब्रेक तापलेले असतात. गाडी गिअरमध्ये ठेवा.

कोन उचलायची पाळी सगळ्यांना आहे, बंद बूट घाला.