आता तुम्ही दोघंच जा

प्रिय आई-बाबा,

सा. न. वि. वि.

बेटावरून येऊन आज चार दिवस झाले. फोनवर तुम्ही विचारलंत, "कसं होतं?" मी म्हटलं, "मस्त होतं." मग बाबांनी विमान वेळेवर होतं का ते विचारलं, आईने जेवणाचे हाल तर झाले नाहीत ना ते विचारलं, आणि फोन ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही. मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं. फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणत विषय बदलता, म्हणून पत्र लिहितेय. बाबांनी मोठ्याने वाचायचं आणि आईने हातातलं काम खाली ठेवून ऐकायचं.

बेट केवढं, तर पुळणीवरून कडेकडेने चालत निघालो की वीस मिनिटांत निघाल्या जागी परत. मधे नारळ, केवड्याची झाडी, आणि एकमेकींपासून लांब लांब बांधलेल्या थोड्याशा खोल्या. रस्ता नाही, गाडी नाही. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून दोन पुरुष उंचही नसेल. रात्री अंथरुणावर पडलं की दोन्ही बाजूंनी समुद्र ऐकू यायचा. एका कानाला लांबच्या प्रवाळाच्या कंकणासारख्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांची घरघर, दुसऱ्या कानाला कड्याच्या आतलं शांत पाणी.

पहिले दोन दिवस आम्हा नवरा-बायकोला आराम करताच आला नाही. सकाळी सहाला जाग यायची आणि हात उशाशी फोनकडे जायचा. फोनला रेंज नाही, तरी जायचा. "आता काय करायचं?" हे त्याने मला आणि मी त्याला इतक्या वेळा विचारलं की दुसऱ्या दिवशी दुपारी आमची त्यावरूनच खडाजंगी झाली. त्यात पहिल्याच दुपारी मी डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून दोन तास पालथी तरंगत राहिले आणि पाठ अशी भाजून घेतली की रात्री कूस बदलता येईना. विषुववृत्ताजवळ दुपारचा सूर्य थेट माथ्यावर असतो, आणि पाणी अंगाला गार लागतं म्हणून कातडी भाजतेय हे कळतच नाही. दुसऱ्या दिवसापासून पूर्ण बाह्यांचा सदरा घालूनच पाण्यात उतरले.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकसारखा. आम्ही ओसरीवरच्या दोन खुर्च्यांत बसून राहिलो. घरी आम्ही एकमेकांशी जे बोलतो ना, ते बहुतेक याद्या वाचल्यासारखं असतं. बिल भरलंस का, उद्या लवकर निघायचंय, अमक्याला फोन करायचा राहिला. तिथे यादीच नव्हती. तासभर कुणीच बोललं नाही आणि पहिल्यांदा त्या गप्प बसण्याचं ओझं वाटलं नाही. मग तो म्हणाला, "तुला शेवटचा निवांत कंटाळा कधी आला होता?" मला आठवेना. त्यालाही आठवेना. त्या प्रश्नापासून जे बोलणं सुरू झालं ते पाऊस थांबल्यावरही चालू होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या लहानपणातल्या दोन गोष्टी मला त्या दिवशी पहिल्यांदा कळल्या. त्या इथे लिहीत नाही, त्या त्याच्या आहेत. पण जाण्याचं सार्थक माझ्यापुरतं तिथेच झालं होतं.

चौथ्या दिवशी त्या विहिरीपाशी गेलो. बाबा, तुम्हाला याचं नवल वाटेल. चारी बाजूंनी खारं पाणी, खाली नुसती वाळू, आणि बेटाच्या मधोमध गोड्या पाण्याची विहीर! पालापाचोळा झाडणारे एक वयस्क गृहस्थ तिथे पाणी काढत होते. दोरीला बांधलेला डबा त्यांनी अलगद सोडला, पाण्याला टेकवून नुसता कलता केला, अर्धाच भरला आणि वर घेतला. मी ओंजळ पुढे केली. जिभेला लावून पाहिलं. थोडं मातकट, पण गोडं. ते म्हणाले, डबा खोल बुडवायचा नाही, आणि एका वेळी खूप उपसायचं नाही.

कारण असं की पावसाचं पाणी वाळूत मुरतं, आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहतं, भिंगाच्या आकाराचा थर होऊन. मधे जाड, काठाकडे पातळ. त्याचा हिशोबही आहे. समुद्राच्या पातळीच्या जितकं वर हे पाणी असेल, त्याच्या साधारण ४० पट ते खाली उतरलेलं असतं. म्हणजे उपसून उपसून वरची पातळी वीतभर खाली गेली, तर खालून खारं पाणी चाळीस विती वर चढायला बघतं. लहान बेटावर तर हा थर मुळातच पातळ. एकदा विहीर खारट झाली की पुन्हा गोडी व्हायला कितीतरी पाऊस जावा लागतो.

आई, तो डबा वर येताना मला तू आठवलीस. तुम्ही दोघं आठवलात. तुमच्या दोघांचं म्हणून जे काही होतं, त्यातून आम्ही सगळ्यांनी किती वर्षं घागरी भरभरून नेल्या. लग्नानंतर कुठे जायचं ठरलं होतं तेव्हा आजीचं आजारपण निघालं. मग मी झाले, मग धाकटा भाऊ, मग घराचे हप्ते, मग आमच्या फिया. सहली झाल्या, पण त्या आमच्या होत्या. प्रत्येक सहलीत आई सगळ्यांच्या पिशव्या मोजत होती आणि बाबा तिकिटं सांभाळत होते. तुम्ही दोघंच कुठे गेला आहात असा एकही फोटो आपल्या अल्बममध्ये नाही. मी तिथे आडवी पडून आठवून आठवून पाहिलं. एकही नाही. तरी ती विहीर खारट झाली नाही, याचं मला आज फार वाटतं. आणि आता तरी तिच्यात पाऊस पडावा असंही वाटतं.

तर मुद्दा हा. आता तुम्ही दोघंच जा. आमच्याबरोबर नाही, कुठल्या गटाबरोबर नाही. अशाच एका बेटावर, निदान सात दिवस. तीन-चार दिवसांत भागणार नाही, कारण पहिले दोन दिवस मन घरीच असतं.

बाबा, तुमच्यासाठी तिथे काय आहे ते सांगते. ज्या कड्याच्या आत आम्ही डुंबत होतो ते मुळात एका बुडालेल्या डोंगराचा काठ आहे. ज्वालामुखीचा डोंगर समुद्रातून वर येतो, त्याच्या किनाऱ्याने प्रवाळ वाढतं, मग डोंगर लाखो वर्षांत हळूहळू खचत जातो आणि प्रवाळ मात्र उजेड धरून वर वर वाढत राहतं. शेवटी डोंगर दिसेनासा होतो, कडं तेवढं उरतं. डार्विनने हे १८४२ मध्ये मांडलं, आणि ही कल्पना त्याला सुचली तेव्हा त्याने खरं प्रवाळाचं कडं डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं. पुढे १९५२ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या एनिवेटॉक इथे खोल भोक पाडून पाहिलं, तर सव्वा किलोमीटरहून जास्त नुसता प्रवाळाचा चुनखडक, आणि त्याच्या तळाशी ज्वालामुखीचा दगड. एकशे दहा वर्षांनी त्याचं म्हणणं खरं ठरलं.

आणि ध्रुवतारा! लहानपणी गच्चीवर तुम्ही शिकवलं होतं, हात लांब करून मूठ धरायची, एक मूठ म्हणजे दहा अंश, आणि ध्रुव क्षितिजापासून जितका वर तितका आपला अक्षांश. मी तिथे पुळणीवर उभी राहून मूठ धरली. ध्रुव अर्ध्या मुठीवर होता, पाण्याला टेकल्यासारखा, अगदी फिका. मागे वळले तर दक्षिणेला त्रिशंकू वर आलेला. सप्तर्षी आणि त्रिशंकू एकाच आकाशात. मी त्याला ओरडून बोलावलं आणि तुमची मूठ शिकवली. तिथे संधिप्रकाशही थोडाच वेळ असतो. सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे दिवे लावावेत म्हणेपर्यंत अंधार होतो.

आई, तुला पाण्याची भीती वाटते हे मला माहीत आहे. तुला पोहायला कुणी सांगणार नाही. कड्याच्या आतलं पाणी कमरेइतकं आणि तळ दिसेल असं नितळ असतं. नुसती उभी राहिलीस तरी पायांजवळ मासे येतात. त्यातला एक हिरवानिळा, पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचा. पाण्यात कान बुडवलेस तर तो प्रवाळ कुरतडतोय ते कडकड ऐकू येतं. प्रवाळावरचं शेवाळ खाताना तो दगडही चावतो आणि त्याची वाळू करून बाहेर टाकतो. मोठा मासा असला तर वर्षाला शेकडो किलो! ज्या पांढऱ्या वाळूवर आम्ही लोळत होतो तिच्यातली बरीचशी त्याचीच.

संध्याकाळी मात्र शंखातल्या खेकड्यांपाशी बस. मी बसले होते तेव्हा एक मोठा रिकामा शंख लाटेबरोबर वर आला. एक खेकडा आला, शंखाला आतून-बाहेरून चाचपून पाहिलं, आणि त्याला तो मोठा झाला म्हणून शेजारीच थांबला. मग दुसरा, तिसरा. थोड्या वेळात लहान-मोठे असे सहा जण ओळीने उभे. शेवटी एक चांगला थोराड आला, आपला शंख सोडून त्या नव्यात शिरला, आणि त्याक्षणी पुढचा त्याच्या जुन्यात, त्याच्या पुढचा त्याच्या जुन्यात. पापणी लवते न लवते तोच सगळ्यांची घरं बदलून झाली. सगळ्यात धाकट्याचा इवलासा शंख तेवढा रिकामा राहिला.

एक गोष्ट पाहून मात्र पोटात तुटलं. कड्याच्या एका बाजूला प्रवाळ पांढरं पडलेलं होतं, हाडांसारखं. प्रवाळाचा रंग त्याच्या आत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो आणि त्याचं बरंचसं अन्नही तेच शैवाल देतं. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्यापेक्षा एखाद्या अंशानेही जास्त तापून तसंच काही आठवडे राहिलं, की ते शैवाल बाहेर पडतं. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाहीतर उपाशी मरतं. १९९८ मध्ये आणि पुन्हा २०१६ च्या सुमारास जगभर असं फार मोठ्या प्रमाणावर झालं. "पुढच्या वर्षी बघू" असं तुम्ही म्हणू नये, याला हेही एक कारण आहे.

आता तुमच्या शंका. आई विचारेल, वादळ आलं तर? विषुववृत्तापासून साधारण पाच अंशांच्या आत चक्रीवादळं सहसा होत नाहीत, म्हणून बेट तिथलं निवडू, आणि कोरड्या महिन्यांतच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, कड्याच्या खिंडारांतून पाण्याला ओढ असते, ते दिवस टाळू. वद्य अष्टमीच्या आसपास गेलात तर भांगेची भरती मिळेल, पाणी फार चढत-उतरत नाही, आणि चंद्र मध्यरात्री उगवत असल्यामुळे बाबांना तोवर काळंभोर आकाश. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्याचा तक्ता मी करून देईन. बुक करण्याआधी मी त्यांना पहिला प्रश्न हाच विचारणार आहे की डॉक्टर किती अंतरावर आहे आणि रात्री बोट मिळते का. उत्तर समाधानकारक नसेल तर ते बेट बाद. गोळ्या हातातल्या पिशवीत, ठरल्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त.

आणि घराचं काय, हे विचारू नका. झाडांना पाणी मी घालीन. आठ दिवस मी तिथे येऊन राहते.

पाकिटात एक फोटो घातलाय. निघायच्या सकाळी काढला. ओसरीवरच्या त्याच दोन खुर्च्या, आणि पलीकडे ओहोटीचं पाणी.

बाबा, एकच करा. गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की बोटीच्या हलत्या पायऱ्या चार-पाच, हाताला आधार धरून, चालतील का. त्यांनी हो म्हटलं की मला कळवा, मी तारखा बघते.

तुमची,
ताई

ता. क. आई, तू शंख आणायला सांगितलं होतंस. मुद्दाम आणला नाही. रांगेतला कुणीतरी त्याची वाट बघत असेल.