‘डॉट टीव्ही’ ही लॉटरी नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या तुवालू देशाला ‘डॉट टीव्ही’ची, म्हणजे या अक्षरांनी संपणाऱ्या वेबसाइटच्या पत्त्यांची, लॉटरी लागली, अशा थाटाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. छोट्या व्यावसायिकांना वेबसाइट करून देणे हा माझा धंदा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घेणे, तो वेळच्या वेळी रिन्यू करणे हे रोजचेच. त्यामुळे ही लॉटरीची भाषा खटकते.

अक्षरे फुकट मिळाली, हे खरे. देशांच्या दोन अक्षरी संकेतांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आपल्या वाट्याला ‘आयएन’ आले, तसे तुवालूच्या वाट्याला ‘टीव्ही’. पण पैसा आला तो नंतरच्या घासाघिशीतून. १९९८ मध्ये टोरांटोच्या एका कंपनीने हे पत्ते विकण्याच्या हक्कासाठी ५ कोटी डॉलर देऊ केले. ते आलेच नाहीत, तेव्हा तो व्यवहार मोडला. २००० मध्ये कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या कंपनीशी करार झाला: १२ वर्षांत ५ कोटी, दर तिमाहीला ठरलेला हप्ता आणि वर कंपनीत भागीदारी. त्याच सप्टेंबरात तुवालू संयुक्त राष्ट्रांचा १८९ वा सदस्य झाला, आणि सदस्यत्वाचा खर्च झेपला याच पैशावर. वस्ती जेमतेम ११ हजार! आपल्याकडे एवढ्या वस्तीला ग्रामपंचायत असते.

पुढे हे पत्ते विकण्याचा कारभार व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे गेला. २०१० च्या सुमारास तुवालूच्या अर्थमंत्र्यांनी, हाती चणेफुटाणेच पडतात, अशी जाहीर तक्रार केली होती. त्यानंतरच्या करारात वर्षाला सुमारे ५० लाख डॉलर मिळू लागले, आणि २०२१ मध्ये डोमेन विकणाऱ्या गोडॅडी कंपनीकडे काम देताना ही रक्कम दुप्पट झाल्याचे प्रसिद्ध झाले. दरम्यान २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ट्विच ही इंटरनेटवर थेट व्हिडिओ दाखवणारी कंपनी ९७ कोटी डॉलरना घेतली. तिचा पत्ता ‘डॉट टीव्ही’चाच. तुवालूकरांनी भाव वाढवून मागितला यात नवल नाही. उलट उशीरच झाला म्हणायचा.

आता दुसरी बाजू. पुण्यातल्या कितीतरी नव्या सॉफ्टवेअर कंपन्या हौसेने ‘डॉट आयओ’ घेतात. हा संकेत ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेशाचा, म्हणजे चागोस बेटांचा. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकी लष्करी तळ उभारायचा म्हणून ब्रिटनने १९६८ ते १९७३ दरम्यान तिथल्या सगळ्या रहिवाशांना हुसकावून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये नेऊन टाकले. ज्या मॉरिशसमध्ये आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तिथेच पोर्ट लुईच्या झोपडवस्त्यांत हे चागोसवासी दिवस काढत राहिले. ‘डॉट आयओ’ १९९७ मध्ये एका खासगी ब्रिटिश व्यावसायिकाच्या हाती गेले आणि २०१७ मध्ये तो व्यवसाय ७ कोटी डॉलरना विकला गेला. चागोसवासीयांच्या संघटना आपला वाटा मागत आहेत. तुवालूकडे निदान करारावर सही करायला स्वतःचे सरकार होते. यांना सहीला कोणी बोलावलेच नाही.

मे २०२५ मध्ये ब्रिटनने बेटांचे सार्वभौमत्व मॉरिशसला देण्याच्या करारावर सही केली. ब्रिटिश प्रदेशच उरला नाही तर त्याचा ‘आयओ’ हा संकेत राहणार की जाणार, याची काळजी आमच्या धंद्यात बरीच चालते. साहजिक आहे, ग्राहकांचे पत्ते त्यावर आहेत. पण बेटवाल्यांच्या वाट्याचे काय, हे विचारणारा मला तरी अजून भेटलेला नाही. आपल्या वृत्तपत्राने या विषयावर पुढच्या वेळी लिहिताना तुवालूच्या कमाईबरोबर हाही हिशेब मांडावा, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे