ती दहा मिनिटं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "माझे हात या कामासाठी नाहीतच" या वाक्याशी अडकलो, कारण मागच्या वर्षी डेंटल कॉलेजच्या क्लिनिकमध्ये मी स्वतःशी शब्दशः हेच बोललो होतो.

आधी तुझ्या ब्लॉकबद्दल, म्हणजे खालच्या जबड्याच्या नसेजवळ द्यायच्या त्या भुलेच्या इंजेक्शनबद्दल. खालच्या दाढेची भूल बसली नाही, पेशंट कळवळला, मॅडमनी सिरिंज हातातून घेतली. अरे, हा ब्लॉक मुरलेल्या डॉक्टरांचाही चुकतो. नस हाडात जिथे शिरते ते छिद्र आपल्याला दिसत नाही, आणि प्रत्येकाच्या जबड्यात ते थोडं वर-खाली असतं. त्यात तुझ्या पेशंटचा पल्प, म्हणजे दाताच्या आतला नसेचा गाभा, सुजलेला. अशा दाताला ओठ पूर्ण बधिर झाला तरी आत ठणका राहू शकतो. मग तुझी चूक नेमकी किती, हे मॅडमना विचारलंस का? नसशील विचारलं. तुला ओळखतो मी.

मीही असाच गप्प बसलो होतो. फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, प्लास्टिकचे दात कापताना हात स्थिर असायचा. पण त्या डोक्याची जीभ मध्ये येत नाही, ते आपल्याकडे घाबरून बघत नाही. खऱ्या माणसाचा श्वास मनगटाला लागला की सगळं बदलतं. पहिल्या दाढेचं रूट कॅनाल करत होतो. मुळातल्या एका कॅनालचं तोंड सापडेना, म्हणून ड्रिलचा बर अजून खाली नेला, आणि दोन मुळांच्या मधल्या तळालाच भोक पडलं. लालभडक रक्त आलं. मी कापसाने टिपत राहिलो. दहा मिनिटं कुणाला हाक मारली नाही. ठरवून दिलेल्या केसेसच्या कोट्यातली शेवटची केस होती, सरांची सही गेली तर काय, एवढंच डोक्यात. शेवटी सरांनीच येऊन पाहिलं आणि एमटीए नावाचं सिमेंट भरून भोक बंद केलं. भोक पडल्याबद्दल ते रागावले नाहीत. म्हणाले, "हे जितकं लवकर बंद होईल तितका दात वाचायची शक्यता जास्त. तुझ्या भीतीपायी याचा वेळ का घालवलास?" ते अजून टोचतं मला.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, हात थरथरले तर थरथरू देत, पण हाक मार. "सर, इथे अडलोय, बघता का?" मला हे पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडला होता. तिसऱ्या-चौथ्या वेळी सहज जमलं, आणि गंमत म्हणजे थरथरही तेव्हाच कमी झाली.

बाकी ताण खोटा नाही, हेही मान्य करतो. कोटा, ऐनवेळी न येणारे पेशंट, आपण कोरलेली कॅव्हिटी एका शिक्षकाने बरोबर ठरवणं आणि दुसऱ्याने खोडणं. 1980 मध्ये अमेरिकेत दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी ताणाची प्रश्नावली तयार झाली, तिच्यातही याच तक्रारी आहेत. आपल्या जन्माच्या कितीतरी आधीची गोष्ट ही! तेव्हा फक्त आपलेच हात नालायक, असं मानू नकोस.

हाताची थोडी काळजी मात्र घे. स्टूलची उंची आधी नीट लाव, कोपर अंगालगत ठेव, अनामिका शेजारच्या दातावर टेकव. भुलेचं औषध सावकाश सोड, साधारण मिनिटाला एक मिली. घाईने सोडलं की जास्त दुखतं. आणि सुरुवातीलाच पेशंटला सांग, "दुखलं तर डावा हात वर करा, मी लगेच थांबेन." आणि त्याने हात वर केला की खरंच थांब. त्याच्या खांद्यातला ताण सुटताना तुला दिसेल.

मंगळवारी पुन्हा त्याच विभागात आहेस ना? जाण्याआधी मॅडमना त्या ब्लॉकबद्दल विचार. संध्याकाळी फोन कर, केस कशीही झाली तरी.

तुझाच,
जुना रूममेट