खासबागच्या हौशी रंगकर्मींना सरावाची जागा हवी : वर्गणी आणि वस्तूंसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरचं खासबाग सध्या भलतंच चलतीत आहे. संध्याकाळी सातनंतर खाऊ गल्लीत भेळेच्या गाडीपुढं उभं राहायला जागा मिळत नाही आणि कॉलेजची पोरं मोबाईल उंच धरून फिरत असतात. आनंद आहे. आमची विनंती एवढीच, की भेळ खाऊन झाल्यावर जरा मान वळवून बघा. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्ती मैदान, त्याला लागून १९१५ मध्ये उभं राहिलेलं पॅलेस थिएटर म्हणजे आजचं केशवराव भोसले नाट्यगृह, १८८३ पासूनचा गायन समाज देवल क्लब आणि खरी कॉर्नरला मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांची आठवण देणारा कॅमेरा स्तंभ. हे सगळं चालत फिरायच्या अंतरात आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी संगीत रंगभूमीचे गायक-नट केशवराव भोसले यांची जयंती होती. त्या रात्रीबद्दल कोल्हापूरकरांना वेगळं सांगायची गरज नाही. नाट्यगृहाची पुनर्बांधणी हे शासनाचं आणि महापालिकेचं काम आहे, त्यासाठी आम्ही एक रुपयाही मागत नाही. त्या नावानं कुणी पावतीपुस्तक घेऊन दारात आलं तर ते आमचं नव्हे.

आमचं मागणं लहान आहे. नाट्यगृहात प्रयोग होतो तो दोन-अडीच तासांचा, पण त्याआधीचे दोन महिने नट असतात कुठं? कुणाच्या गच्चीवर, कुणाच्या पार्किंगमध्ये, शाळेनं दिला तर शाळेच्या हॉलमध्ये. दिवसा बँकेत, दुकानात नाहीतर रिक्षावर असणारी ही माणसं रात्री आठला जमतात. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की सराव दहाच्या पुढं जातो आणि शेजारी दार उघडून ओरडतात. त्यांचं तरी काय चुकलं? रात्री वरच्या मजल्यावरून खुनाची किंकाळी आली तर कोण निवांत झोपेल!

आता परिसरातल्या एका तालीम मंडळानं आपला वरचा हॉल रोज संध्याकाळी सरावासाठी द्यायचं कबूल केलंय, भाडं न घेता. हॉल मात्र रिकामा आहे. खिडक्यांना आवाज अडवणारी जाड तावदानं, काळे पडदे, चार-सहा लेव्हल्स (रंगमंचावर उंची द्यायचे लाकडी चौथरे), उजेड कमी-जास्त करायला साधा डिमर आणि थोडे दिवे, सतरंज्या, सुरात असलेली पेटी आणि तबल्याची जोडी एवढं झालं की काम सुरू होईल. तावदानांचा खर्च सगळ्यात मोठा आहे आणि तोच आधी करणार आहोत, कारण शेजारी टिकले तर सराव टिकेल.

शंभर रुपयांची वर्गणीही चालेल. प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमा-खर्चाचा कागद दर महिन्याला तालमीच्या फलकावर लागेल. सुतार, वायरमन, शिंपी यांनी दोन-तीन संध्याकाळी दिल्या तरी ती मोठी देणगी. परिसरात नव्यानं उघडलेल्या कॅफेवाल्यांना खास विनंती : भिंतीवर जुन्या कोल्हापूरचे फोटो लावताच, तर एखाद्या दिव्याचा खर्चही उचला.

घरातल्या माळ्यावर जुन्या नाटकांच्या जाहिराती, तिकिटं, फोटो पडले असतील तर तेही आणा. तुमच्यासमोर स्कॅन करून मूळ वस्तू लगेच परत देऊ.

फंडासाठी हात पसरायला आम्हाला संकोच नाही. केशवरावांनी १९२१ साली बालगंधर्वांबरोबर ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग केला तो टिळक स्वराज्य फंडासाठीच.

दर शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आमची मंडळी हॉलवर असतात. वस्तू तिथंच आणून द्याव्यात. प्लास्टिकच्या खुर्च्या मात्र कृपया आणू नका, त्या गरजेपेक्षा जास्त जमल्या आहेत.

आपले,
खासबाग परिसरातील रहिवासी आणि हौशी रंगकर्मी