कंपनीची भूमिका किती दिवसांची?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील शाळांमध्ये होणाऱ्या गोळीबारांविषयी आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकताच एक लेख आला होता. बंदुकांना आवर घालण्याचे जे काम तेथील सरकारला गेल्या पंचवीस वर्षांत जमले नाही ते तेथील मोठ्या कंपन्यांनी करून दाखवले, तेव्हा आशा ठेवायची ती आता उद्योगजगताकडूनच, असा त्या लेखाचा शेवटचा सूर होता. लेख कळकळीने लिहिलेला होता याबद्दल वाद नाही. पण बँकेत चौतीस वर्षे नोकरी केलेल्या आणि त्यातली बरीचशी कर्जविभागात काढलेल्या माझ्यासारख्या निवृत्त माणसाला हा निष्कर्ष पटला नाही. कंपनीने जाहीर केलेले धोरण आणि विधिमंडळाने केलेला कायदा एकाच तागडीत घालता येत नाहीत, हे त्या लेखात ज्या घटनांचे दाखले दिले होते त्यांच्याच पुढच्या हकिकतीवरून दिसते.

१४ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील पार्कलंड येथील हायस्कूलमध्ये १७ जण मारले गेले. मारेकरी त्याच शाळेचा माजी विद्यार्थी, वय १९, आणि त्याने वापरलेली एआर-१५ धाटणीची, म्हणजे लष्करी बंदुकीसारखी, रायफल त्याने रीतसर विकत घेतलेली होती. आपल्याकडच्या वाचकाला येथे एक गोष्ट हमखास कोड्यात टाकते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवानाधारक दुकानातून पिस्तूल घेण्यासाठी २१ वर्षे पूर्ण असावी लागतात, रायफल किंवा शॉटगन मात्र १८ व्या वर्षी मिळते. १९६८ च्या कायद्याने ही विभागणी केली तेव्हा लांब नळीची बंदूक म्हणजे शिकारीचे आणि शेतघराचे अवजार, तर पिस्तूल म्हणजे शहरातल्या गुन्हेगाराचे हत्यार, अशी समजूत होती. पुढे लष्करी धाटणीच्या रायफली दुकानांत आल्या आणि त्या आपोआप लांब नळीच्या रकान्यात जाऊन बसल्या. मे २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथे प्राथमिक शाळेतील १९ मुले आणि २ शिक्षिका ज्याच्या गोळ्यांना बळी पडल्या, त्याने आपल्या रायफली अठरावा वाढदिवस होताच खरेदी केल्या होत्या.

मी शाखाधिकारी असताना आमच्या शाखेच्या रखवालदाराजवळ बारा बोअरची जुनी दुनळी होती. तिच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किती खेपा घालाव्या लागत हे मी विसरलेलो नाही. काडतुसे दर महिन्याला माझ्या समोर टेबलावर मांडली जात, मोजली जात आणि नोंदवहीत माझी सही होई. त्यातली दोन इतकी जुनी होती की त्यांच्या पितळी बुडांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला होता, तरी आकडा जुळलाच पाहिजे असे. आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्यासाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. हे सगळे सोपस्कार अंगवळणी पडलेला मी २०१६ च्या उन्हाळ्यात ओहायोला मुलीकडे गेलो असता नातीसाठी स्केट्स घ्यायला एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानात गेलो, तर मासेमारीच्या गळांच्या आणि तंबूंच्या पलीकडे, काउंटरच्या मागे, बंदुका क्रिकेटच्या बॅटींसारख्या ओळीने उभ्या केलेल्या होत्या. जावयाने तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मी मात्र बराच वेळ तिथेच उभा होतो.

पार्कलंडनंतर दोन आठवड्यांनी, २८ फेब्रुवारी रोजी, डिक्स स्पोर्टिंग गुड्स या मोठ्या साखळीचे प्रमुख एड स्टॅक यांनी लष्करी धाटणीच्या रायफलींची विक्री कायमची बंद केल्याचे आणि २१ वर्षांखालील कोणालाही बंदूक न विकण्याचे जाहीर केले. पार्कलंडच्या मारेकऱ्याने काही महिने आधी त्यांच्याच दुकानातून एक शॉटगन घेतली होती. ती त्या दिवशी वापरली गेली नव्हती आणि विक्रीत एकही नियम मोडलेला नव्हता, आणि स्टॅक यांना बोचले ते नेमके हेच. शिल्लक रायफली उत्पादकाला परत न पाठवता त्यांनी मोडून भंगारात काढल्या. तो माल सुमारे ५० लाख डॉलरचा होता, आणि या निर्णयाने बुडालेली विक्री साधारण २५ कोटी डॉलरच्या घरात गेली, असे त्यांनी पुढे सांगितले. याला कोणी प्रसिद्धीचा स्टंट म्हणत असेल तर मी ते मान्य करणार नाही. स्वतःच्या खिशाला एवढी चाट लावून घेऊन कोणी स्टंट करीत नाही.

परंतु याच दुकानाची आधीची कथा आपल्या लेखात नव्हती. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकटमधील सँडी हूक शाळेत सहा-सात वर्षांच्या २० मुलांसह २६ जण मारले गेल्यावर डिक्सने आपल्या दुकानांतून अशा रायफली तेव्हाही काढल्या होत्या. वर्षभराच्या आतच कंपनीने शिकारी आणि मासेमारांसाठी ‘फील्ड अँड स्ट्रीम’ नावाची वेगळी दुकाने सुरू केली आणि तिथे त्याच रायफली पुन्हा विक्रीला आल्या. पुढच्या दाराने घालवलेला पाहुणा मागच्या दाराने ओसरीवर येऊन बसला, आणि त्याला कोणाची परवानगी लागली नाही. २०१८ चा निर्णय टिकला, त्याचे श्रेय स्टॅक यांच्या निग्रहाला आहेच; पण हेही खरे की डिक्समध्ये मतदानाचा बहुतांश अधिकार स्टॅक यांच्याच हातात एकवटलेला होता. ज्याच्या हाती असा अधिकार नाही अशा कार्यकारी अधिकाऱ्याने २५ कोटींची विक्री सोडून दिली असती तर त्याच्या खुर्चीचे काय झाले असते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

उलट उदाहरणही आहे, आणि ते पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. कोलंबाइन हायस्कूलमधील हत्याकांडानंतर, मार्च २००० मध्ये, स्मिथ अँड वेसन या जुन्या बंदूक उत्पादक कंपनीने क्लिंटन सरकारशी करार करून बंदुकांना सुरक्षा-कुलपे लावण्याची आणि विक्रेत्यांवर काही बंधने घालण्याची तयारी दाखवली. बंदूकप्रेमी ग्राहकांनी आणि दुकानदारांनी तिच्यावर असा बहिष्कार टाकला की विक्री कोसळली, आणि ज्या ब्रिटिश मालकाने ही कंपनी १९८७ मध्ये ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला घेतली होती, त्याला ती २००१ मध्ये दीड कोटी डॉलर रोख आणि कर्जाचा बोजा पुढच्याच्या माथी अशा बोलीवर विकावी लागली. नव्या मालकाच्या हाती तो करार कागदावरच राहिला. पार्कलंडमध्ये वापरलेली रायफल याच कंपनीच्या कारखान्यातली होती.

डेल्टा एअरलाइन्सचा प्रसंग तर हसावे की रडावे असा आहे. पार्कलंडनंतर डेल्टाने नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकवाल्यांच्या संघटनेच्या सदस्यांना अधिवेशनासाठी दिलेली तिकिटांची सवलत काढून घेतली. या सवलतीत एकूण तिकिटे विकली गेली होती तेरा. तेवढ्यावरून जॉर्जियाच्या विधिमंडळाने, जिथे डेल्टाचे मुख्यालय आहे त्याच राज्याच्या विधिमंडळाने, विमानाच्या इंधनावरील काही कोटी डॉलरची करसवलत विधेयकातून वगळली.

आता माझ्या क्षेत्राकडे येतो. मार्च २०१८ मध्ये सिटी बँकेच्या समूहाने आपल्या व्यापारी ग्राहकांसाठी अटी जाहीर केल्या: २१ वर्षांखालील व्यक्तीस बंदूक विकायची नाही, खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची तपासणी पूर्ण झाल्याशिवाय विक्री करायची नाही, बंदूक यांत्रिक वेगाने झाडण्याची साधने आणि जास्त गोळ्या मावणारी मॅगझिन विकायला ठेवायची नाहीत. पतपुरवठ्याला अटी जोडणे आम्हा बँकवाल्यांना नवे नाही. गोदामात माल किती ठेवायचा, विमा कोणता उतरवायचा, हे आम्ही ऋणकोला लिहून देतच असू. पण मंजुरीपत्रातली अट धनको हवी तेव्हा शिथिल करू शकतो, हेही आम्हाला ठाऊक असते. टेक्सासने २०२१ मध्ये कायदा करून बंदूक उद्योगाशी भेदभाव करणाऱ्या बँकांना सरकारी कंत्राटे देण्यास मनाई केली आणि तेथील स्थानिक संस्थांच्या रोख्यांचा किफायतशीर व्यवसाय सिटीसाठी अडचणीत आला. जून २०२५ मध्ये सिटीने आपले बंदूकविषयक धोरण मागे घेतले. जेमतेम सव्वासात वर्षे, म्हणजे एखाद्या मुदत ठेवीएवढे त्याचे आयुष्य.

कार्ड कंपन्यांचे तर सुरू होण्याआधीच थांबले. कार्डावर खरेदी झाली की दुकानाच्या धंद्याचा चार आकडी संकेतांक नोंदला जातो. किराणा-भुसाराला ५४११, क्रीडासाहित्याला ५९४१. बंदुकीच्या दुकानांना स्वतःचा आकडा नव्हता, त्यामुळे तिथली खरेदी वेगळी ओळखू येत नसे; म्हणून सप्टेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने त्यासाठी ५७२३ हा आकडा मंजूर केला. व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्स्प्रेस तिघांनीही तो लागू करू असे सांगितले आणि मार्च २०२३ मध्ये, अनेक राज्यांत त्याविरुद्ध विधेयके येऊ लागताच, काम स्थगित केले. या कंपन्यांत आणि सिटीतही पुष्कळ मराठी अभियंते काम करतात, त्यातले कित्येक पुण्यात बसून. त्यांच्या संगणकावर या आकड्याचे काम केव्हा सुरू झाले आणि केव्हा थांबले, हे त्यांनाच जास्त ठाऊक असावे. आज कॅलिफोर्नियाचा कायदा म्हणतो की हा आकडा वापरलाच पाहिजे, आणि फ्लोरिडाचा म्हणतो की वापरायचा नाही. म्हणजे प्रश्न फिरून विधिमंडळाच्याच दारात आला.

पार्कलंडनंतर जे टिकले त्याकडे आपल्या लेखकाने एका वाक्यापलीकडे लक्ष दिले नाही. ९ मार्च २०१८ रोजी, हत्याकांडाला महिना होण्याआधी, फ्लोरिडाचे रिपब्लिकन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी सही केलेल्या कायद्याने सर्व प्रकारच्या बंदुकांसाठी खरेदीचे वय २१ केले, तीन दिवसांची थांबण्याची मुदत घातली आणि धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडून न्यायालयाच्या आदेशाने शस्त्रे काढून घेण्याची सोय केली. बंदूकवाल्यांच्या त्याच रायफल असोसिएशनने त्याच दिवशी दावा लावला. राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने वय पुन्हा १८ वर आणणारे विधेयक एकाहून अधिक वेळा मंजूर केले, पण वरिष्ठ सभागृहात ते अडले. आणि मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने २१ ची अट वैध ठरवली. हा कायदा करून घ्यायला बसगाड्या भरून राजधानी टॅलाहासीला गेली ती त्या शाळेतली मुले. डिक्सच्या घोषणेने आमदारांना थोडे बळ आले असेल, मी नाकारीत नाही.

कंपन्यांवर कायद्याचा दबाव कसा येतो याचेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. २००५ च्या केंद्रीय कायद्याने बंदूक उत्पादकांना बहुतेक दाव्यांपासून संरक्षण दिलेले आहे. तरीही सँडी हूकच्या काही कुटुंबांनी तिथे वापरलेल्या रायफलीच्या उत्पादक रेमिंग्टन कंपनीवर, रायफलीची जाहिरात तरुणांच्या मर्दानगीला डिवचणारी होती या मुद्द्यावर, राज्याच्या व्यापारविषयक कायद्याखाली दावा लावला आणि २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली. पैसे भरले ते विमा कंपन्यांनी. ज्याला विम्याच्या हप्त्याचे गणित कळते त्याला ही रक्कम कोणत्याही निवेदनापेक्षा मोठ्याने बोलताना ऐकू येईल.

माझी नात आता सातवीत आहे. शाळेत गोळीबार झाल्यास लपायचे कसे याच्या सरावाविषयी विचारले की ती कंटाळून सांगते, दिवा बंद, दाराच्या काचेवर पडदा, सगळ्यांनी कपाटामागच्या कोपऱ्यात, आणि मिस्टर अमुक आम्हाला बोटाने मोजतात. पहिलीत होती तेव्हा उजेड पडणारे बूट घालून शाळेत जायचे नाही असे तिने आईला स्वतःहून सांगितले होते. तिला हे आमच्या लहानपणच्या कवायतीच्या तासाइतकेच साधे वाटते.

आपल्याला एक विनंती. २०१८ मध्ये या कंपन्यांच्या घोषणा आपण पहिल्या पानावर छापल्या होत्या, ती कात्रणे माझ्याकडे आहेत. कार्ड कंपन्यांनी २०२३ मध्ये काम थांबवले ती बातमी आणि सिटीने २०२५ मध्ये घेतलेली माघार मात्र मला आपल्या अंकात सापडली नाही. माझ्या नजरेतून सुटली असल्यास क्षमस्व. छापलीच नसेल, तर निदान अर्थविषयक पानावर चार ओळी द्याव्यात.

आपला नम्र,
एक निवृत्त बँक अधिकारी, सातारा